वीस लाल, चार पांढऱ्या

नोव्हेंबर संपत आला की हिंजवडीतल्या काही ख्रिस्ती घरांत एक काम निघतं. सुरूच्या हिरव्या फांद्या तारेच्या कड्यावर बांधायच्या आणि त्यात चार मेणबत्त्या बसवायच्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. कोणी वसईहून नोकरीसाठी इथे आलेलं असतं, कोणी नगरहून, कोणी केरळहून, पण याला सगळे ‘अ‍ॅडव्हेंट रीथ’च म्हणतात. जांभळ्या मेणबत्त्या मिळाल्या नाहीत तर पांढऱ्यांनाच जांभळी रिबीन गुंडाळतात. नाताळाआधीच्या चार रविवारी एकेक मेणबत्ती वाढत जाते. गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या रविवारची, कारण पश्चात्तापाच्या दिवसांत तेवढा एक रविवार आनंदाचा मानलेला आहे.

ही वस्तू फार प्राचीन असेल असं पाहणाऱ्याला वाटतं. पण प्राचीन आहे तो नाताळाची वाट पाहण्याचा हा आगमनकाळ, म्हणजेच अ‍ॅडव्हेंट. पाचव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या तूर शहराचे बिशप पर्पेच्युअस यांनी ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास घालून दिला. पुढे रोममध्ये हा काळ चार रविवारांवर आला. मराठीतही ही वाट पाहणं जुनंच. १६१६ साली गोव्यात राशोल इथे छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’चे थॉमस स्टीफन्स यांनी दोन भाग केले. पहिलं पुराण जगाच्या उत्पत्तीपासून सुरू होतं आणि तारणारा येण्याआधीच संपतं. त्याचा जन्म येतो दुसऱ्या पुराणात. म्हणजे मराठी ओवीतल्या या ग्रंथाचा पहिला खंड एका परीने आगमनकाळच आहे.

मेणबत्त्यांचं कडं मात्र दोनशे वर्षांचंही नाही. ते हॅम्बुर्गमध्ये जन्मलं, आणि तेही चर्चमध्ये नव्हे, टाकलेल्या मुलांच्या घरात.

ते घर उभं करणारे योहान हिनरिख विखर्न यांचा जन्म १८०८चा. पंधराव्या वर्षी वडील गेले आणि शिकवण्या करून त्यांनी घर चालवलं. धर्मशास्त्र शिकून परतल्यावर ते हॅम्बुर्गच्या गरीब वस्तीत रविवारच्या शाळेत शिकवू लागले. मुलं राहत तिथे घरोघर जाऊन त्यांनी दारू, उपासमार, चोऱ्या, एका खोलीत कोंबलेली कुटुंबं हे सगळं पाहिलं. १८३३ साली शहराबाहेरच्या होर्न या गावात त्यांना एक जुनं, गवताने शाकारलेलं घर मिळालं. ‘राउहेस हाउस’ या नावाने ते ओळखलं जात होतं. विखर्न आईला घेऊन तिथे राहायला गेले आणि वर्ष संपण्याच्या आत घरात बारा मुलं आली.

या घरात मुलाचं स्वागत कसं होई, ते मला या सगळ्या कथेचं मूळ वाटतं. मूल दारात आलं की विखर्न त्याला सांगत, तुझं मागचं सगळं माफ आहे. इथे भिंत नाही, कुलूप नाही, अडसर नाही. तुला बांधून ठेवील असं काही असलंच तर ते फक्त प्रेम. आधी सुधार, मग माफी, असा त्या काळच्या सुधारगृहांचा शिरस्ता. विखर्ननी तो उलटा केला. माफी पहिल्याच दिवशी, आणि सुधारणा तिच्या आधाराने. मुलांना सुतारकाम, चांभारकाम, छपाई शिकवायची, पण बाराएक मुलांचं एक कुटुंब करून, सोबत एक मोठा भाऊ देऊन. ख्रिस्ती श्रद्धेतल्या दयेचा क्रमही हाच आहे. आगमनकाळात लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचतात. त्यात मरीया आणि जखऱ्या दोघेही देवाच्या दयेचं गाणं गातात, आणि तेव्हा येशू अजून जन्मलेलाही नाही.

तर त्या घरातली मुलं डिसेंबर लागला की सारखी विचारत, नाताळ कधी? म्हणून १८३९ साली विखर्ननी जुन्या गाडीचं चाक घेतलं आणि त्यावर वीस छोट्या लाल आणि चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसवल्या. त्या वर्षी पहिला रविवार १ डिसेंबरलाच होता. रोजच्या प्रार्थनेला एक मेणबत्ती लावायची, आठवड्यातल्या दिवशी लाल, रविवारी पांढरी. किती उरल्या ते लहानग्यालाही मोजता येई. हिरव्या डहाळ्या त्यावर नंतर चढल्या. मग ते चाक घराघरांत शिरलं, टेबलावर मावेल एवढं झालं आणि चारच मेणबत्त्या राहिल्या. प्रोटेस्टंटांची ही चाल कॅथलिकांनीही उचलली आणि १९२५ साली कोलोनच्या एका कॅथलिक चर्चमध्ये ते कडं टांगलं गेलं. जांभळा-गुलाबी रंग आला तो पुरोहिताच्या वस्त्रांवरून.

आपल्या पुणे जिल्ह्यात या कड्याचं नव्हे, पण त्या दाराचं नातं सांगणारी जागा आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये असताना लंडनच्या फुलम भागात एका आश्रमात गेल्या. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायकांची तिथल्या भगिनी मायेने सेवा करत होत्या. ही दया येते कुठून, असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांना येशूला विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. पुढे १८९६-९७च्या दुष्काळातल्या शेकडो मुली त्यांनी केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या. ‘पतित’ ठरवलेल्या बायकांसाठीही तिथेच कृपासदन उभं राहिलं.

हिंजवडीच्या आयटी पार्कात इमारतींच्या लॉबीत सजवलेलं झाड उभं राहतं, आणि त्याचा आनंद मलाही होतो. पण विखर्नच्या चाकातल्या गळून गेलेल्या त्या वीस लाल मेणबत्त्यांची मला हळहळ वाटते. त्या सोमवार ते शनिवारच्या होत्या. इथे दया लागते ती याच दिवसांत. रात्रपाळीच्या रखवालदाराशी बोलताना, उशिरा आलेल्या डिलिव्हरीवाल्या पोरासमोर, टीममधल्या चुकलेल्या नवख्याला ईमेल लिहिताना, माण-मारुंजीच्या बांधकामांवर आईबापांमागे फिरणाऱ्या मुलांकडे पाहताना. जर्मनीत काही जण आजही रोजच्या मेणबत्त्यांसह मूळचं कडं लावतात. ते इथेही सहज जमेल. दर वर्षी लाल मेणबत्त्यांची संख्या तेवढी बदलते. २०२६ साली आगमनकाळ २९ नोव्हेंबरला सुरू होतो, म्हणजे पांढऱ्या चार आणि लाल बावीस लागतील.