आज्ञापत्रांतील वृक्षरक्षण व सह्याद्रीचीं रानें

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतील (सुमारें इ. स. १७१५) आरमारप्रकरणीं वृक्षांविषयीं जें सांगितलें आहे, त्याकडे बहुतेकांनीं जहाजांपुरतेंच पाहिलें. मर्म निराळें आहे. सागवान परवानगीनें तोडावें. आंबे-फणसांस हात लावूं नये, कारण तीं झाडें वर्षादोनवर्षांत होत नाहींत व रयतेनें लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात. जीर्ण झाड घेणें तरी धन्यास राजी करून, मोल देऊन.

२०१२ सालीं जागतिक वारसा ठरलेल्या कोयना, चांदोली, राधानगरी येथील रानांस हेंच लागू. जुन्या अरण्यांत सांठलेला कर्ब नव्या लागवडींत सांठावयास पिढ्या लागतात. आणि रयतेच्या संमतीवांचून रान राहत नाहीं, असें आम्हांस वाटतें. देवरायांच्या सीमा कित्येक ठिकाणीं पुसल्या आहेत. ज्यांच्या रुमालांत त्यांच्या सनदा वा महजर असतील, त्यांनीं ते वाळवी लागण्यापूर्वीं आम्हांस दाखवावे.