उपऱ्याची शेती : माइनक्राफ्ट सर्व्हर प्लगइनचा इतिहास

इतिहासाच्या व्याख्यानात संगणकाचा खेळ कशाला, असं काहींना वाटेल. पण प्रश्न आपल्या ओळखीचाच आहे. पेशवाईतल्या गावात दोन प्रकारचे शेतकरी असत. एक मिरासदार, ज्याचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क. दुसरा उपरी, जो कराराने जमीन कसतो, पण तसा हक्क सांगू शकत नाही. खेळाच्या सर्व्हरसाठी प्लगइन लिहिणारा प्रोग्रॅमर हा असाच उपरी. त्याने पिकवलं किती आणि त्यातलं त्याचं म्हणता येईल असं किती, हे आज बघायचं आहे. तुमच्यापैकी ज्यांना हे काम शिकायचं आहे त्यांच्यासाठी तर हे जास्तच गरजेचं, कारण पहिल्या दिवशी ज्या विचित्र गोष्टी समोर येतात त्यांतल्या बऱ्याचशांची कारणं या इतिहासात आहेत.

आधी दोन-तीन शब्द स्पष्ट करून घेऊ. माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांचा खेळ स्वीडनच्या मार्कस पेर्सन यांनी मे २००९ मध्ये लोकांसमोर आणला. त्यांची कंपनी स्टॉकहोमची मोजांग. खेळ जावा भाषेत लिहिलेला. अनेकांनी मिळून खेळायचं तर कुठल्या तरी एका संगणकावर सर्व्हर चालवावा लागतो. त्या जगाची वही सर्व्हरकडे असते. कोणी ठोकळा फोडला, कोणी दार उघडलं, सगळ्याची नोंद तोच ठेवतो आणि बाकीच्यांना कळवतो. आता मॉड म्हणजे खेळातच केलेला बदल. तो बहुधा प्रत्येक खेळाडूला आपापल्या संगणकावर बसवावा लागतो. प्लगइन मात्र फक्त सर्व्हरवर बसतो, खेळाडूला काहीच करावं लागत नाही. म्हणून एका प्रोग्रॅमरने लिहिलेली चार ओळींची सुधारणा एकाच वेळी शेकडो लोकांना मिळू शकते.

हे सुरू कसं झालं? २०१० मध्ये एकत्र खेळण्याची सोय वाढली आणि लगेच गावगाड्याचे सगळे प्रश्न आले. कोणीतरी यायचं, दुसऱ्याने महिनाभर खपून बांधलेलं घर फोडून जायचं. सर्व्हर चालवणाऱ्याकडे त्याला रोखायची साधनं फार तोकडी होती. मग हौशी प्रोग्रॅमर मंडळींनी सर्व्हरचा प्रोग्रॅमच उघडला. जावाचा तयार प्रोग्रॅम पुन्हा वाचता येण्याजोग्या रूपात आणता येतो. अडचण एवढीच की कंपनीने आतली नावं मुद्दाम पुसून त्या जागी 'ए', 'बी' अशी निरर्थक अक्षरं ठेवली होती, आणि नवी आवृत्ती आली की ती अक्षरंही बदलायची. दुसरी अडचण त्याहून मोठी. दोघांनी एकाच फाइलमध्ये बदल केले, तर एकाचा बदल ठेवताना दुसऱ्याचा जायचा.

यावर २०१० मध्येच एचमॉड नावाचा उपाय निघाला. सर्व्हरमध्ये एकदाच बदल करायचा आणि ठिकठिकाणी खुंट्या ठोकून ठेवायच्या. ज्याला जे हवं ते त्याने खुंटीला अडकवावं, भिंत फोडू नये. कल्पना उत्तम होती. पण तिचा कर्ता वर्षाच्या अखेरीस बाजूला झाला, आणि त्या खुंट्यांवर टांगलेलं सगळं काम लोंबकळत राहिलं.

त्यातून धडा घेऊन चार जणांच्या गटाने बकिट हा प्रकल्प सुरू केला. २०११ च्या सुरुवातीपासून तो वापरात आला. त्याची रचना नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. त्याचे दोन भाग होते. 'बकिट' हा भाग म्हणजे नुसता करारनामा: सर्व्हरवर कोणत्या घटना घडतात, त्या प्लगइनला कशा कळवल्या जातील, कोणत्या नावाने काय मागता येईल. संगणकाच्या भाषेत यालाच एपीआय म्हणतात. दुसरा भाग 'क्राफ्टबकिट', म्हणजे तो करार प्रत्यक्षात पाळणारा सर्व्हर. या दुसऱ्या भागात मोजांगच्या मालकीचा कोड मिसळलेला होता.

उदाहरण घेऊ. खेळाडू ठोकळा फोडायला जातो. सर्व्हर ते पक्कं करण्याआधी थांबतो आणि नोंदणी केलेल्या प्लगइनना विचारतो, 'असं घडतंय, कोणाची हरकत?' तुमचा प्लगइन म्हणतो, ही जागा या खेळाडूची नाही, घटना रद्द करा. ठोकळा जागच्या जागी राहतो. आत कोणती फाइल, कोणतं अक्षर, याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही. तुम्ही फक्त कराराची भाषा बोलता.

काही जण मात्र करार ओलांडून थेट आतल्या कोडला हात घालायचे. मग आवृत्ती बदलली की त्यांचे प्लगइन मोडायचे, कधीकधी जगाची नासाडी करून. म्हणून २०१२ च्या अखेरीस क्राफ्टबकिटने आतल्या भागाच्या नावातच आवृत्तीचा आकडा घातला. अर्थ असा, की आत शिरायचं तर शिरा, पण पुढच्या आवृत्तीत तुमचं काम सरळ बंद पडेल, गुपचूप बिघडणार नाही.

त्याच वर्षी, फेब्रुवारी २०१२ मध्ये, मोजांगने बकिटच्या या चौघांना नोकरीवर घेतलं. बाकीचे स्वयंसेवक विनामोबदला काम करत राहिले. अडीच वर्षं गेली. ऑगस्ट २०१४ मध्ये प्रकल्पाच्या प्रमुखाने बकिट बंद करत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा मोजांगकडून उत्तर आलं, की प्रकल्प बंद करण्याचा अधिकार तुम्हाला नाही, तो आमच्या मालकीचा आहे. ज्यांनी फुकट राबून तो वाढवला, त्यांतल्या अनेकांना हे प्रथमच कळलं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात खरा स्फोट झाला. प्रकल्पातल्या एका महत्त्वाच्या स्वयंसेवकाने अमेरिकेच्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याखाली नोटीस दिली. त्याचा युक्तिवाद साधा होता. मी माझा कोड मुक्त परवान्याखाली दिला. त्या परवान्याची अट अशी, की जोडून वाटायचं ते सगळं खुलं हवं. तुम्ही त्यात मोजांगचा बंद कोड मिसळून वाटता, आणि तो खुला करायची परवानगी मोजांगने दिलेली नाही. म्हणजे माझ्या हक्काचा भंग होतो. क्राफ्टबकिट आणि त्यावर आधारलेल्या स्पिगॉटसारख्या सर्व्हरच्या फायली उतरवाव्या लागल्या. खेळाची १.८ ही आवृत्ती नुकतीच आली होती, त्यामुळे सर्व्हर चालवणारे अधांतरी राहिले. त्याच महिन्यात, १५ सप्टेंबरला, मायक्रोसॉफ्टने मोजांग अडीच अब्ज डॉलरना विकत घेत असल्याचं जाहीर केलं.

इथे बाजू घेण्याची घाई करू नका. ज्याने नोटीस दिली त्याच्यामुळे असंख्य निरपराध सर्व्हर अडचणीत आले, हे खरं. पण राबणारा माणूस 'माझ्या कष्टाला माझी अट आहे' असं म्हणू शकला, तो मुक्त परवान्यामुळेच, हेही तितकंच खरं. मिसळलेला कोड वाटण्यातला हा दोष सुरुवातीपासून होता. सगळ्यांचं चाललं होतं तोवर कोणी त्याकडे पाहिलं नाही.

मार्ग काढला स्पिगॉटने. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यांनी 'बिल्डटूल्स' आणलं. मिसळलेली वस्तू वाटायचीच नाही. वाटायचे ते फक्त बदलांचे तुकडे. वापरणाऱ्याचा संगणक मोजांगचा मूळ सर्व्हर मोजांगकडूनच उतरवून घेतो, तो उलगडतो, त्यावर हे तुकडे चढवतो आणि तयार सर्व्हर जागेवर बांधतो. आज नवशिक्याला वाटतं, एक फाइल मिळवायला एवढा उपद्व्याप का? तर त्यामागे हा सगळा तंटा आहे. स्पिगॉटमधूनच पुढे पेपर हा सर्व्हर निघाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याने स्पिगॉटपासून वेगळी चूल मांडली.

मोजांगचं धोरणही सैल होत गेलं. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनीने त्या निरर्थक अक्षरांमागची खरी नावं स्वतःच प्रसिद्ध करायला सुरुवात केली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये जावा आवृत्तीतली ही नावं पुसण्याची पद्धत बंद करणार असल्याचं जाहीर केलं.

आता या सगळ्यात टिकलं काय, ते बघा. जमिनीचा मालक बदलला. कसणारे गट बदलले, भांडले, पांगले. पण बकिटच्या करारनाम्याला धरून लिहिलेले प्लगइन नव्या सर्व्हरवरही चालत राहिले, कारण प्रत्येक नव्या गटाला तीच भाषा बोलणं भाग होतं. लोकांचं काम त्या भाषेत साठलेलं होतं. माझ्या मते उपऱ्याच्या हाती लागलेला हक्क हाच. त्याला कोणी सनद दिली नाही, वहिवाटीने तो मिळाला.

सुरुवात करणाऱ्यांनी यातून काय घ्यावं? जावा शिका, हल्लीच्या आवृत्त्यांना जावा २१ किंवा त्यापुढचं लागतं. स्वतःच्या संगणकावर पेपर सर्व्हर चालवा. तो पहिल्यांदा सुरूच होणार नाही, एका फाइलमध्ये मोजांगच्या अटी मान्य असल्याचं लिहून द्यावं लागेल. त्या अटी खरोखर वाचा. मग ठोकळा वाचवणारा, मघाशी सांगितला तसा छोटा प्लगइन लिहा. एक लक्षात ठेवा: सर्व्हरचं जग सेकंदाला २० ठोके घेतं, म्हणजे एका ठोक्याला ५० मिलिसेकंद. त्यात तुमचा प्लगइन फाइल वाचत किंवा डेटाबेसची वाट बघत बसला, तर सगळेच खेळाडू अडकतात. तसलं काम बाजूच्या धाग्यावर टाका. जमेल तोवर करारातच राहा, आत हात घालू नका. आणि दुसऱ्याच्या प्रकल्पात एक ओळ देण्याआधी त्याचा परवाना वाचा, स्वतःच्या प्लगइनला परवाना जोडा. २०१४ मध्ये हे वाचणारे फार थोडे होते.

पहिल्या प्लगइनच्या अगदी वर तुम्हाला 'इम्पोर्ट ऑर्ग डॉट बकिट' असं लिहावं लागेल. बकिट प्रकल्प बंद पडून दहा वर्षं उलटली, तरी पेपरवरही तेच नाव लिहावं लागतं. का, ते आता तुम्हाला ठाऊक आहे. आता प्रश्न घेऊ या.