शस्त्रक्रियेनंतरची रजा : गिरणीपासून उसाच्या फडापर्यंत

१/ वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया ठरली की नोकरदार माणूस डॉक्टरांना हमखास विचारतो : कामावर कधी जाता येईल? उत्तर साधारण असे मिळते. बैठे काम असेल तर दोन-तीन आठवडे, ओझी उचलण्याचे असेल तर चार ते सहा. हे उत्तर शुद्ध वैद्यकीय वाटते. प्रत्यक्षात त्यामागे रजेचा एक मोठा इतिहास उभा आहे. त्याचे एक टोक मुंबईच्या गिरण्यांत आहे आणि दुसरे इंदापूर तालुक्यातील अंथुर्ण्याच्या परिसरात, उसाच्या फडात. #थ्रेड

२/ आधी शरीराचा हिशेब पाहू. एकोणिसाव्या शतकात पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आठवडेच्या आठवडे अंथरुणावर ठेवत. हालचाल केली तर टाके उसवतील, ही भीती होती. १८९९ मध्ये शिकागोच्या एमिल रीस यांनी रुग्णांना लवकर चालवावे असे मांडले, पण फारसे कोणी ऐकले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खाटा अपुऱ्या पडू लागल्या आणि डेट्रॉइटच्या डॅनियल लीटहाउझर यांनी हाच विचार पुन्हा नेटाने पुढे नेला. लवकर उठलेला रुग्ण लवकर बरा होतो, हे तेव्हा वैद्यकविश्वाला पटले.

३/ पुढचा टप्पा दुर्बिणीचा. मुंबईत तेहेम्तन उडवाडिया यांनी १९७२ पासून पोटाच्या तपासणीसाठी दुर्बीण वापरली आणि १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयात तिच्या साह्याने पित्ताशय काढले. भारतातील ती पहिली अशी शस्त्रक्रिया. वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेचा प्रवासही असाच झाला. १९६६ मध्ये आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनी पोट उघडून जठराला वळणमार्ग दिला. १९९४ पर्यंत अमेरिकेत तेच काम दुर्बिणीने होऊ लागले. छेद लहान झाला, विश्रांतीचे दिवसही घटले.

४/ परंतु विश्रांती आणि रजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विश्रांती डॉक्टर सांगतो. रजा मिळण्यासाठी परत आल्यावर काम शिल्लक असावे लागते आणि मधल्या दिवसांची चूल पेटती राहावी लागते. ही हमी वैद्यकशास्त्र देऊ शकत नाही. ती कायद्यानेच मिळते, आणि कायदा मागितल्याशिवाय मिळत नाही.

५/ मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टीदेखील मागावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून हा लढा चालवला आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी पदरात पडली. आजारपणाची रजा तर दूरच. कामावर न आलेल्याची जागा बदली कामगार घेई. खाडा म्हणजे मजुरी बुडणे, हे समीकरण पक्के होते.

६/ शरीराच्या कारणासाठी पगारी विश्रांती हे तत्त्व येथे बाळंतिणीच्या निमित्ताने आले. मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा १९२९ चा. आदल्या वर्षी मुंबई विधिमंडळात या विधेयकाचे समर्थन करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मातेची विश्रांती ही राष्ट्राच्या हिताची बाब ठरवली होती. म्हणजे विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नव्हे.

७/ आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत असताना, १९४४ मध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल सादर केला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. १९५४ मध्ये ती मुंबईत पोहोचली. आजारी कामगाराला वर्षाला ५६ दिवसांपर्यंत रोख लाभ मिळू लागला. आज ही मर्यादा ९१ दिवसांची असून लाभ मजुरीच्या ७० टक्के आहे.

८/ या योजनेत एका शस्त्रक्रियेचे दिवस तर नेमके मोजून दिले आहेत : पुरुष नसबंदीसाठी ७ दिवस, स्त्री नसबंदीसाठी १४, तेही पूर्ण मजुरीच्या दराने. राज्याला जी शस्त्रक्रिया घडवून आणायची होती, तिच्या रजेचा हिशेब राज्याने चोख ठेवला.

९/ आता याच कायद्यातील एक छोटी ओळ पाहा. तो कारखान्यांना लागू झाला, पण ‘हंगामी कारखाने’ वगळून. हंगामी म्हणजे कोणते, याची यादी कायद्यातच आहे. कापसाचे जिनिंग, चहा, कॉफी, नीळ, लाख, रबर... आणि साखर, गुळासह.

१०/ येथे अंथुर्णे येते. बारामती-इंदापूर रस्त्यावरचे, संत तुकाराम महाराजांच्या पालखीच्या मुक्कामाचे हे गाव. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा झाला आणि या कोरडवाहू पट्ट्याचे रूप पालटले. एका अंगाला वालचंद हिराचंद यांनी वसवलेले वालचंदनगर, दुसऱ्या अंगाला भवानीनगरचा छत्रपती सहकारी साखर कारखाना. कालव्याने ऊस दिला, उसाने कारखाने दिले. ऊस तोडणारे हात मात्र बहुतांशी बाहेरून आले.

११/ ते आले बीड, अहिल्यानगर अशा अवर्षणग्रस्त जिल्ह्यांतून. १९७२ च्या दुष्काळाने हा ओघ वाढवला. मुकादम हंगामापूर्वी ‘उचल’ देतो आणि नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. दिवाळीच्या सुमारास कोपी उभ्या राहतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडाशीच उठतात. बाई ऊस तोडते, मोळी बांधते आणि तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन वाहनात चढवते.

१२/ या व्यवस्थेत रजा नाही, खाडा आहे. गिरणीतल्या खाड्यात त्या दिवसाची मजुरी बुडे. फडातल्या खाड्यात मजुरी तर बुडतेच, वर दंड उचलीत धरला जातो. आजारी पडलेला माणूस दर दिवसागणिक अधिक कर्जदार होतो. शिवाय हे मजूर कागदोपत्री कारखान्याचे नव्हेत, मुकादमाचे. कायद्यातील हंगामी कारखान्याची सूट उद्या काढली, तरी त्यांच्यापर्यंत लाभ आपोआप पोहोचणार नाही.

१३/ २०१९ मध्ये बीडमधील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय देशभर गाजला. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली; त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहांतील एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ३ टक्के होते.

१४/ कारणे अनेक होती : कमी वयातील लग्ने आणि बाळंतपणे, फडावर पाणी व शौचालयाचा अभाव, अंगावर काढलेली दुखणी, खासगी दवाखान्यांत दाखवली गेलेली कर्करोगाची भीती. त्यांत एक कारण खाड्याचेही होते. पाळीच्या त्रासाने दर महिन्याला दोन-तीन दिवस बुडण्यापेक्षा एकदाच ‘पिशवी’ काढून टाकलेली बरी, हा हिशेब.

१५/ येथे रजेचा सगळा इतिहास उलटा होतो. शहरातला नोकरदार शस्त्रक्रियेसाठी रजा घेतो. फडातल्या बाईने रजा लागू नये म्हणून शस्त्रक्रिया करून घेतली. आणि त्या शस्त्रक्रियेनंतरही सुमारे सहा आठवडे जड उचलायचे नसते. उचल फेडायची असेल तर हे सहा आठवडे आणायचे कुठून?

१६/ प्रकरण गाजल्यावर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळही उभे राहिले. पहिल्या उपायाने शस्त्रक्रियेवर अंकुश आला. पण ज्या खाड्याच्या धाकाने बाई तिथवर पोहोचली, तो फडातच राहिला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कर्मचारी विम्याच्या प्रकरणात ‘हंगामी कारखाना वगळून’ हे शब्द कायम आहेत.

१७/ १८९० चा रविवार असो वा १९४८ चा विमा, कामगारांच्या विश्रांतीचा प्रत्येक दिवस आधी कोणीतरी मोजला, मांडला, मागितला. मगच तो कायद्यात आला. ऊसतोड महिलांच्या बाबतीत मोजणी २०१९ मध्ये झाली आहे. ‘शस्त्रक्रियेनंतर किती दिवस रजा?’ या प्रश्नाचे त्यांच्यापुरते उत्तर आजही मुकादमाच्या वहीत लिहिले जाते. ते कायद्याच्या पुस्तकात जाईल, तेव्हा या इतिहासाचे पुढचे पान सुरू होईल.