दैनंदिन जीवन आणि मराठी कादंबरीची समीक्षा

बाणभट्टाच्या सातव्या शतकातील गद्यकथेचे नाव मराठी व कन्नड या भाषांनी एका संपूर्ण वाङ्मयप्रकारास दिले. हिंदी व बंगाली भाषांत ‘उपन्यास’, तर गुजरातीत ‘नवलकथा’ हा शब्द रूढ झाला. नावाबरोबर अपेक्षाही येतात. ‘कादंबरी’ म्हटले की अद्भुत व अलंकृत कथा, ही अपेक्षा मराठीत दीर्घकाळ टिकली.

नारो सदाशिव रिसबूड यांनी ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबरीच्या प्रस्तावनेत या अपेक्षेचे समर्थनच केले. हिंदूंच्या नित्याच्या आयुष्यात मनोरंजक असे काही घडत नाही, म्हणून लेखकास अद्भुताचा आश्रय करावा लागतो, असा त्यांचा आशय होता. वस्तुतः बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ने १८५७ मध्येच विधवांची स्थिती हा विषय हाताळला होता. पुढे काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ च्या आपल्या निबंधात ‘नावल’ हा इंग्रजी शब्द योजून असंभाव्यतेवर टीका केली. १९०२ मध्ये वि. का. राजवाडे यांनी युरोपीय कादंबरी समोर ठेवून मराठी कादंबरीचे परीक्षण केले.

रिसबुडांच्या मताचे खरे खंडन मात्र निबंधाने नव्हे, तर कादंबरीने केले. हरिभाऊ आपटे यांनी १८९० मध्ये पुण्यात ‘करमणूक’ सुरू केले. त्यात क्रमशः आलेल्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ मध्ये मध्यमवर्गीय स्त्रीचे घरगुती आयुष्यच कथावस्तू झाले.

तरीही हे दैनंदिन जीवन कोणाचे, हा प्रश्न उरतोच. तो एका अर्थाने जोतीराव फुले यांनी १८८५ मध्येच उपस्थित केला होता. ज्यांच्या ग्रंथांत इतरांच्या मानवी हक्कांना स्थान नाही, त्यांच्या सभेशी आपला मेळ बसणार नाही, या आशयाचे पत्र लिहून त्यांनी ग्रंथकार सभेचे निमंत्रण नाकारले. ते पत्र कादंबरीविषयी नव्हते. पण समीक्षेला त्याचे उत्तर देणे भाग होते. पुढल्याच वर्षी पुण्यात रे मार्केट उघडले. शेतकरी, हमाल व भाजीविक्रेत्या स्त्रिया यांचे नित्य जीवन तेथे शहराच्या मध्यभागी उघड दिसत होते. आज त्याच मंडईला फुल्यांचे नाव आहे.

भालचंद्र नेमाडे यांनी १९८० मध्ये ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ व ‘मोचनगड’ या तीन प्रवृत्ती मानून परंपरेची फेरमांडणी केली व सामाजिक वास्तवाच्या प्रवृत्तीस अग्रस्थान दिले. संभाव्यतेची कसोटी परदेशातून घेता आली. कोणाचे जीवन कादंबरीयोग्य मानावे, याचा निर्णय मात्र मराठी समाजालाच करावा लागला.