एका गावाची नेत्रपरीक्षा
म्हातारपणी दृष्टी जाते ती वयामुळेच, असे आम्ही कामगारवस्तीत नेहमी ऐकतो. हे पारखायचे तर माणसे एकदा तपासून भागत नाही. एका दिवसाच्या हजेरीपटावरून गिरणी कळत नाही, तसेच हे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, बीव्हर डॅम गावी, डॉ. रोनाल्ड व डॉ. बार्बरा क्लाइन यांनी १९८८ ते १९९० मध्ये ४३ ते ८६ वयाच्या ४,९२६ जणांचे डोळे तपासले; पुढे वीस वर्षे, दर पाच वर्षांनी, त्यांनाच पुन्हा बोलावले. वय हे कारण खरेच, पण एकटे नव्हे: धूम्रपान करणाऱ्यांत मोतीबिंदू व दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजण्याचा विकार अधिक आढळला. श्रोतेहो, दैवावर सोडलेले पुष्कळसे नोंद ठेवल्यावर टाळता येण्याजोगे ठरते.