चार पेन्सिल सेलचा हिशेब

इतिहास म्हटला की आपल्याला राजे, लढाया आणि सनावळ्या आठवतात. पण कपाटात पडून राहिलेल्या खेळण्यालाही इतिहास असतो, आणि तो नीट वाचला तर त्यातही तालीम सापडते.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. मागे आठवीच्या वर्गात जुन्या व्हिडिओ गेमचा विषय निघाला. एका मुलाने कुठूनतरी आकडे आणले होते. तो म्हणाला, "सर, हातातल्या गेम बॉयचा प्रोसेसर ४.१९ मेगाहर्ट्‌झचा आणि टीव्हीला जोडायच्या फॅमिकॉमचा १.७९चा. म्हणजे छोटे यंत्रच जास्त ताकदवान ना?" प्रश्न साधा होता, पण उत्तर देताना आमचा फळा भरला.

निन्टेंडो कंपनीने फॅमिकॉम जुलै १९८३ मध्ये जपानात आणले. नव्वदच्या दशकात आपल्याकडे 'टीव्ही गेम' म्हणून कॅसेट घालून ज्यावर मारिओ खेळला जाई, ती पुष्कळशी यंत्रे याच फॅमिकॉमच्या नकला होत्या. हे घरातले यंत्र. वीज भिंतीतून, पडदा टीव्हीचा. त्याचा ठोकासुद्धा टीव्हीशी बांधलेला. जपानी टीव्हीत रंगाचा सिग्नल ३.५८ मेगाहर्ट्‌झचा असे, १.७९ हा त्याचा अर्धा.

गेम बॉय एप्रिल १९८९ मध्ये आला. त्याच्या प्रोसेसरला लहानात लहान पायरी चढायलाही चार ठोके लागत. म्हणजे सेकंदाला ४१ लाख ९० हजार ठोके पडले, तरी पायऱ्या साडेदहा लाखांच्या आसपासच. फॅमिकॉमची एक पायरी एका ठोक्याची. मोठा आकडा तिथेच खाली आला. मात्र कामाची स्मरणशक्ती गेम बॉयची ८ किलोबाइट आणि फॅमिकॉमची २. पडद्याचे गणित पुन्हा उलटे. दोन्ही यंत्रे चित्र ८ बाय ८ ठिपक्यांच्या फरशांनी रचत. फॅमिकॉमच्या पडद्यावर ३२ गुणिले ३०, म्हणजे ९६० फरशा आणि पन्नासहून अधिक रंगांची पेटी. गेम बॉयवर २० गुणिले १८, म्हणजे ३६० फरशा आणि हिरवट काळ्या रंगाच्या अवघ्या चार छटा.

मुले हसली. असले फिके यंत्र कोण घेईल? आम्ही त्यांना त्याचे प्रतिस्पर्धी दाखवले. १९८९ मध्येच अटारीचे लिंक्स आले, १९९० मध्ये सेगाचे गेम गिअर. दोन्ही रंगीत, पडद्यामागे दिवा. गेम गिअर तर सेगाच्या घरगुती मास्टर सिस्टिमचाच लहान भाऊ होता. पण घरातले यंत्र छोटे करून हातात दिले की भिंतीतली वीज सुटते. रंगीत पडदा आणि दिवा सहा सेल तीन ते पाच तासांत पिऊन टाकत. गेम बॉय चार सेलवर पंधरा तासांच्या आसपास चाले. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे ९० डॉलर होती, गेम गिअरची १५०. पुढे गेम गिअर सुमारे एक कोटी खपले. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून साडेअकरा कोटींहून अधिक.

या यंत्रामागे गुन्पेई योकोई होते. क्योतोत इलेक्ट्रॉनिक्स शिकून ते १९६५ साली निन्टेंडोत यंत्रांच्या देखभालीच्या कामावर लागले. रेल्वेत कॅल्क्युलेटरशी चाळा करणारा प्रवासी पाहून त्यांना खिशातल्या खेळाची कल्पना सुचली, आणि १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' आले. स्वस्त झालेले, गुणदोष कळलेले तंत्र घ्यायचे आणि त्याचा नवा उपयोग शोधायचा, हे त्यांचे सूत्र. अशा तंत्राला ते जपानीत 'सुकलेले' म्हणत. आपण लोणच्यासारखे 'मुरलेले' म्हणू. त्यांचे १९९५चे 'व्हर्च्युअल बॉय' फसले. १९९६ मध्ये त्यांनी कंपनी सोडली आणि ४ ऑक्टोबर १९९७ रोजी रस्ता अपघातात ते वारले. त्यांचा हात लागलेले 'वंडरस्वान' १९९९ मध्ये बाजारात आले. ते एकाच सेलवर चाले.

तास संपताना त्याच मुलाने विचारले, "सर, मग आपल्या प्रयोगशाळेतले जुने कॉम्प्युटरही चांगलेच म्हणायचे का?" वर्ग हसला. आम्हाला हसू आले नाही. योकोईंपुढे नवे तंत्रही हजर होते. त्यांनी ते पारखून बाजूला ठेवले. आमच्या मुलांपुढे निवड ठेवलीच जात नाही. मुरलेले निवडणे वेगळे आणि उरलेले वाट्याला येणे वेगळे. योकोईंची गोष्ट सांगून कोणी आपल्याला जुन्यावर समाधान मानायला सांगू नये.

पण पारख करायला मात्र निधी लागत नाही. आकडा समोर आला की तो कशाचा, कोणाच्या गरजेसाठी, किती सेलवर, एवढे विचारायचे. त्या दिवशी आमच्या आठवीने ते विचारले. आम्ही त्या तासाची नोंद हजेरीपटामागे तारखेसह करून ठेवली आहे.