आरोपीची शपथ आणि आरोपीचे मौन

1908 च्या जुलै महिन्यात मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांनी राजद्रोहाच्या खटल्यात आपला बचाव स्वतःच केला. न्यायमूर्ती दावर व ज्यूरी यांच्यापुढे ते 21 तासांहून अधिक बोलले; परंतु त्या प्रदीर्घ भाषणातील एकही वाक्य शपथेवरील पुरावा म्हणून गणले जाणे शक्य नव्हते. टिळकांनी शपथ नाकारली होती असे नव्हे. फौजदारी खटल्यातील आरोपीस शपथ देण्यासच 1873 च्या शपथविषयक कायद्याची मनाई होती.

ही मनाई आरोपीच्या संरक्षणासाठीच होती. शपथ नाही म्हणून खोट्या साक्षीचा गुन्हा नाही, आणि उलटतपासणीही नाही. 1898 च्या फौजदारी संहितेतील कलम 342 प्रमाणे न्यायाधीश आरोपीस प्रश्न विचारीत. उत्तर न दिल्यास शिक्षा नसे. मात्र त्या नकारावरून न्यायालयाने व ज्यूरीने योग्य वाटेल तो निष्कर्ष काढावा, अशी मुभा त्याच कलमात होती. म्हणजे मौन बाळगण्याची सवलत एका हाताने देऊन तिची किंमत दुसऱ्या हाताने वसूल केली जाई. विशेष हे की, त्याच 1898 साली इंग्लंडात आरोपीस स्वतःच्या बचावासाठी शपथेवर साक्ष देण्याचा अधिकार मिळाला. हिंदुस्थानास त्यासाठी 1955 पर्यंत थांबावे लागले.

मधल्या काळात, 1950 मध्ये, संविधानाच्या अनुच्छेद 20(3) ने आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती निषिद्ध ठरविली. साहजिकच 1955 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 342-अ मध्ये दोन अटी घालण्यात आल्या: साक्ष आरोपीच्या लेखी विनंतीवरूनच घ्यावी, आणि ती न दिल्याबद्दल कोणीही टीका वा प्रतिकूल अनुमान करू नये. जुन्या कलम 342 मधील निष्कर्षाची मुभा मात्र 1973 च्या संहितेतच गळाली.

‘साक्षीदार होणे’ म्हणजे काय, याचा ऊहापोह सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी 1961 मध्ये ‘मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड’ या प्रकरणी केला. (मुंबई राज्य त्यापूर्वीच लयास गेले होते, खटल्याच्या नावात तेवढे उरले.) स्वतःस ठाऊक असलेली माहिती देणे म्हणजे साक्ष, अंगठ्याचा ठसा किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे साक्ष नव्हे, असा बहुमताचा निर्णय झाला.

मीरा-भाईंदरमधील एखाद्या गुन्ह्याचा खटला आज ठाण्याच्या सत्र न्यायालयात चालला, तर 2024 पासून अंमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 351 खाली आरोपीस शपथेविना प्रश्न विचारले जातात, आणि कलम 353 खाली त्यास इच्छा असल्यास शपथेवर बोलता येते. मात्र एकदा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात शिरल्यावर सरकारी वकिलाची उलटतपासणी त्यास चुकविता येत नाही.